साने गुरुजी व त्यांचे स्वयंसेवक

पांडुरंग सदाशिव साने असे पूर्ण नाव घेतले तर आमच्या कित्येक वाचकांस ओळख पटावयास क्षणभर लागेल. परंतु साने गुरुजी म्हटले की खानदेशात तरी कोणास अधिक सांगावे लागत नाही. अमळनेरची शाळा, धुळ्याचा तुरुंग, फैजपूरची काँग्रेस, ह्या सर्वांशी ते नाव कायमचे जोडले गेले आहे. त्यांच्या पुस्तकांविषयी आजवर पुष्कळांनी लिहिले. आम्ही आज त्यांच्या चरित्राची एक निराळीच बाजू वाचकांपुढे ठेवू इच्छितो. ज्यांस पगार नाही, ज्यांजवर हुकूम चालत नाही, जे मनात आले तर येतात आणि मन विटले तर घरी बसतात, अशा तरुण माणसांस गुरुजींनी कसे गोळा केले, कसे टिकविले, आणि त्या खटाटोपात त्यांचे स्वतःचे काय झाले, ही ती बाजू होय.

खेड्यातील मंडळ्यांस हा प्रश्न परका नाही. शब्बाथ शाळेस शिक्षक हवा म्हणून विनविले तर चार तरुण उभे राहतात. पहिला महिना मोठ्या उत्साहाने जातो. तिसऱ्या महिन्यात एक उरतो, आणि तोही पाळकाची भीड म्हणून उरतो. मग पंचांच्या बैठकीत तरुण पिढीच्या नावाने बोटे मोडली जातात. जे तिघे गेले ते का गेले, हे त्यांच्या घरी जाऊन विचारणारा मात्र क्वचितच आढळतो.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, दापोली तालुक्यातील पालगड गावी झाला. घराण्यास एके काळी खोतीचा मान होता, पण वडिलांच्या काळी दारिद्र्य इतके आले की घरावर जप्ती येण्यापर्यंत मजल गेली. आई यशोदाबाई १९१७ साली वारली. तिच्याविषयी गुरुजींनी पुढे नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली अवघ्या काही दिवसांत जे पुस्तक लिहिले ते मराठी वाचणाऱ्या बहुतेक घरांत पोहोचले आहे, म्हणून येथे अधिक लिहीत नाही. आमच्या वाचकांस एवढे कळविण्यास आनंद वाटतो की त्यांचे काही शिक्षण दापोलीच्या मिशन शाळेत झाले. पालगडाहून ती शाळा सुमारे सहा मैल. पुढे औंधास व पुण्यास अर्धपोटी राहून त्यांनी अभ्यास केला, १९१८ साली मॅट्रिक झाले, पुण्यास बी. ए. झाले, आणि तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. असा हा कोकणचा मुलगा बोरी नदीच्या काठी येऊन पोहोचला, आणि खानदेशचाच झाला.

सन १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले, आणि शाळेच्या छात्रालयाची व्यवस्थाही त्यांजकडे आली. आमच्या मते स्वयंसेवकांस सांभाळण्याची विद्या ते येथेच शिकले. छात्रालयातील मुले म्हणजे खेड्यापाड्यांतून आलेली, कोणी श्रीमंताची, कोणी गरिबाची, पुष्कळांस घरी स्वतःचे ताटही उचलण्याची सवय नव्हती. शिक्षा करून, दंड करून अशा मुलांकडून खोली झाडवून घेता येते. सगळीकडे असेच करीत. गुरुजींनी दंड केला नाही. मुले शाळेत गेली म्हणजे ते स्वतः खोल्यांत जात, अस्ताव्यस्त अंथरुणांच्या घड्या करीत, कंदिलाच्या काचा पुसून ठेवीत, मळके कपडे धुऊन वाळत घालीत. मुले परत येऊन पाहत तो खोली स्वच्छ. पहिल्या दिवशी त्यांस गंमत वाटली असेल, दुसऱ्या दिवशी लाज वाटली. आणि मग मुलेच आपसांत पाळ्या लावून कामे करू लागली. कोणी आजारी पडला तर उशाशी रात्रभर बसणारा माणूस तोच असे.

ह्यात एक धोका आहे, तो आम्हांस सांगितलाच पाहिजे. पुढाऱ्यानेच सर्व कामे उरकली तर बाकीचे स्वस्थ बसतात, असे अनेक मंडळ्यांत घडते. पाळकच घंटा वाजवितो, पाळकच सतरंजी घालतो, आणि लोक वेळेवर येऊन बसतात. गुरुजींचे तसे झाले नाही ह्याचे कारण असे दिसते की, ते मुलांशी रोज बोलत होते. छात्रालयासाठी ते एक हस्तलिखित दैनिक काढीत. रोज स्वतःच्या हाताने लिहून ते मुलांस वाचावयास ठेवीत. त्यात जगाच्या बातम्या असत, थोरांच्या गोष्टी असत, आणि छात्रालयातील आदल्या दिवसाच्या बऱ्यावाईट गोष्टीही असत. शिक्षकाने आपल्यासाठी रोज रात्री जागून लिहावे, ह्या गोष्टीचा मुलांवर काय परिणाम झाला असेल तो सांगणे नको. त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचे एक मासिकही चालविले. पगारातील पुष्कळसा भाग गरीब मुलांकडेच जाई.

सन १९३० मध्ये सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली, तेव्हा नोकरीचा राजीनामा देऊन गुरुजी तीत पडले. तुरुंग हा त्यांचा दुसरा शिक्षणक्रम ठरला. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते, आणि त्याच वेळी विनोबा भावे तेथे होते. त्या तुरुंगात सत्याग्रही तरुणांचा मोठा भरणा होता. देशासाठी तुरुंगात आलो, आता सरकारचे दळण कशाला दळावे, अशी पुष्कळांची वृत्ती होती, व अधिकाऱ्यांशी रोज खटके उडत. विनोबांनी स्वतः दळणास हात घातला आणि तरुणांकडून ते काम मनापासून करवून घेतले. जे शिक्षा म्हणून दिले होते ते ह्या लोकांनी आपले म्हणून केले. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचने केली. अठरा अध्यायांची अठरा प्रवचने. ती सर्व गुरुजींनी भरभर लिहून घेतली. आज ती प्रवचने भारताच्या अनेक भाषांत वाचली जातात, त्याचे श्रेय त्या लेखणीस आहे. येथे आम्हांस एवढेच नमूद करावयाचे आहे की, गुरुजी हे दुसऱ्यांच्या पुढे उभे राहणारे पुढारी होण्यापूर्वी दुसऱ्याच्या पायाशी बसून मुकाट्याने टिपून घेणारे स्वयंसेवक होते.

आता फैजपूरकडे वळू. राष्ट्रीय सभेची अधिवेशने तोवर मोठमोठ्या शहरी होत. १९३६ सालचे अधिवेशन खेड्यात भरवावे असे महात्मा गांधींच्या आग्रहाने ठरले, आणि तो मान पूर्व खानदेशातील यावल तालुक्यातल्या फैजपूर गावास मिळाला. ज्यांनी ते गाव पाहिले आहे त्यांस ह्या कामाची कल्पना येईल. रेल्वे गावातून जात नाही. सावदा स्टेशनावर उतरून पुढे जावे लागे. हजारो लोक येणार, त्यांस पाणी हवे, निवारा हवा, जेवण हवे; आणि ज्याचे नाव स्वागत समितीच्या पत्रिकेवर कधी छापीत नाहीत ती व्यवस्थाही हवी, म्हणजे शौचकूप. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस ह्यांनी बांबू, चटया अशा गावठी सामानातून मोठी सुंदर शोभा उभारली. पण बांबू तोडणारे, वाहणारे, रोवणारे हात कोणाचे? ते खेड्यांतील शेतकऱ्यांच्या पोरांचे.

हे हात मिळविण्यासाठी गुरुजी गावोगाव हिंडले. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी ह्यांच्यासारखे, पोलिस खात्यातील नोकरी सोडून चळवळीत आलेले खंबीर कार्यकर्ते त्या जिल्ह्यात होते, व व्यवस्थेचा भार अशा माणसांनी उचलला. गुरुजींचे काम निराळे. ते गावात जात, पारावर बसत, बोलत, गात, आणि बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांतून पाणी येई. त्यांच्या ह्या अश्रूंची थट्टा करणारे तेव्हाही होते व पुढेही झाले. परंतु ज्या शेतकऱ्याच्या घरी दाण्याची ददात होती त्यानेही आपला मुलगा ह्या कामास धाडला, हे थट्टा करणारांनी ध्यानात घेतले पाहिजे.

अधिवेशनाच्या जागेस टिळकनगर असे नाव दिले होते. डिसेंबराची २७ व २८ तारीख, खानदेशातील थंडी, अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. झेंडावंदनाच्या वेळी एक प्रसंग घडला तो प्रसिद्ध आहे. उंच खांबावर झेंडा चढत असता दोरी मध्येच अडकली, आणि एवढ्या जनसमुदायापुढे झेंडा अर्ध्यावर लोंबकळू लागला. पुढारी खाली उभे, कोणास काही सुचेना. तेव्हा गर्दीतून एक तरुण निघाला, सरसर खांबावर चढून गेला आणि त्याने दोरी सोडविली. त्यास कोणी नेमले नव्हते. ही गोष्ट लोक अजून सांगतात.

परंतु आम्हांस त्या खांबापेक्षा दुसऱ्याच एका ठिकाणचे दृश्य अधिक मोलाचे वाटते. त्या अधिवेशनात गुरुजींनी मैला वाहण्याचे व सफाईचे काम स्वतः केले. जातीने ब्राह्मण, विद्येने एम. ए., जिल्ह्यात ज्याच्या नावाचा बोलबाला, अशा माणसाने हे काम पत्करले. १९३६ सालच्या खानदेशात ह्याचा अर्थ काय होता तो आमच्या वाचकांस समजावून देण्याची गरज नाही. ज्या जातींवर हे काम पिढ्यान् पिढ्या लादले गेले त्यांचे वंशज आमच्या मंडळ्यांत पुष्कळ आहेत. दोन दिवसांचे हे सेवाकार्य त्या लादणुकीची भरपाई होते असे आम्ही मुळीच म्हणत नाही. गुरुजींनीही तसे मानले नसावे, कारण दहा वर्षांनी ह्याच प्रश्नासाठी त्यांनी प्राण पणास लावले. मात्र स्वयंसेवकांच्या दृष्टीने पाहता, सर्वांत हलके मानलेले काम सर्वांत मोठ्या माणसाने घेतल्यावर, मला पाण्याच्या कामावर का घातले आणि त्याला व्यासपीठावर का, ही कुरबुर करावयास तोंड उरत नाही.

फैजपूरनंतर विश्रांती नव्हतीच. १९३८ साली पूर्व खानदेशात अतिवृष्टीने पिके बुडाली. शेतसारा माफ व्हावा म्हणून गुरुजींनी सभा भरविल्या, मिरवणुका काढल्या, ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक अमळनेराहून चालविले. धुळे व अमळनेर येथील गिरणी कामगारांच्या संघटनेचे ते अध्यक्ष झाले. मधु लिमये ह्यांच्यासारखे पुण्याचे कोवळे तरुण ह्या दिवसांत खानदेशात येऊन काम करू लागले.

आता राष्ट्र सेवा दलाविषयी लिहिले पाहिजे. स्वयंसेवकांचे शिस्तबद्ध दल असावे ही कल्पना जुनी होती. हुबळीचे डॉक्टर ना. सु. हर्डीकर ह्यांनी १९२३ साली हिंदुस्थानी सेवा दल स्थापिले होते. महाराष्ट्रात १९४१ साली राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली आणि एस. एम. जोशी हे त्याचे प्रमुख झाले. सायंकाळी मैदानावर जमावे, खेळ, कवायत, गाणी, मग थोडी चर्चा, असा साधा क्रम. सर्व जातींची मुले त्यात एकत्र, आणि मुलीही. शाखा वेळेवर भरते की नाही, हजेरी किती, शिबिराचा हिशेब लागला की नाही, पुढचा दलनायक कोण, ह्या गोष्टी एस. एम. व त्यांचे सहकारी पाहत. गुरुजींनी ह्यातले काही पाहिले असे दिसत नाही; तो त्यांचा पिंडच नव्हता. त्यांनी दलास गाणी दिली, गोष्टी दिल्या, आणि मुलांच्या पत्रांस उत्तरे दिली. एकाने चूल मांडावी व दुसऱ्याने तीत विस्तव घालावा, तसे हे झाले. आम्हांस वाटते की, नुसत्या हजेरीपटावर दल चालले नसते, आणि नुसत्या अश्रूंवरही चालले नसते. ज्या मंडळीत एकाच माणसाकडून दोन्हींची अपेक्षा करतात तेथे त्या माणसाचे हाल होतात.

बेचाळीसच्या चळवळीत ह्या दलातील कित्येक मुलांनी भूमिगत राहून काम केले. गुरुजीही भूमिगत होते. १९४३ साली मुंबईस पकडले गेले, आणि १९४५ पर्यंत तुरुंगात राहिले.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे कार्य त्यानंतरचे. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्या लोकांस बंद होते. ज्या चोखामेळ्याचे अभंग सारा वारकरी समाज गातो त्याच्या जातभाईंस महाद्वाराच्या आत पाऊल टाकता येत नव्हते. १९४६ सालच्या कार्तिकी एकादशीस उपवास आरंभण्याचा निश्चय गुरुजींनी केला. सोबत्यांनी त्यांस आवरले. आधी लोकांकडे जाऊ, लोकमत तयार करू, सहा महिने द्या, असे त्यांनी मागितले, व गुरुजींनी ते मानले. आम्हांस ह्या गोष्टीचे फार महत्त्व वाटते. नेत्याने एकट्याने मरावयास निघावे आणि अनुयायांनी हात जोडून पाहत राहावे, असे जे होणार होते ते टळले. अनुयायांस करण्याजोगे काम मिळाले.

मग दौरा निघाला. सेवा दलाचे कलापथक बरोबर असे. गाणी, पोवाडे, लहानसे नाट्यप्रवेश करून तरुण मुलेमुली गावची माणसे जमवीत, आणि मग गुरुजी बोलत. महाराष्ट्रभर ते फिरले. पुष्कळ गावांनी आपली देवळे व विहिरी सर्वांस मोकळ्या केल्या. किती गावांनी ते वचन पुढे पाळले हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. खेड्यात राहणाऱ्या वाचकांपैकी ज्यांस आपल्या आजोबांकडून त्या विहिरींची हकिकत कळली असेल त्यांस त्याचे उत्तर ठाऊक आहे. तथापि जेथे सभा आटोपल्यावर त्याच मुलांनी गावातच राहून सर्वांबरोबर पाणी भरले, तेथे काम अधिक टिकले असावे असे आमचे मत आहे.

ठरल्याप्रमाणे १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपवास सुरू झाला. प्रारंभी गांधीजींचीही ह्यास संमती नव्हती. त्यांजकडे नीट माहिती पोहोचली नव्हती. बाहेर विरोधकांच्या सभा, निंदेची पत्रके, आत एक कृश माणूस खाटेवर. त्या दहा दिवसांत सेवा दलाच्या तरुणांवर जी जबाबदारी होती तिचा विचार करावा. संतापून कोणी हात उगारला असता तर सर्व व्यर्थ गेले असते. १० मे रोजी बडव्यांकडून संमती मिळाल्यावर उपवास सुटला, आणि पुढे ते मंदिर सर्वांस खुले झाले.

पुढील तीन वर्षे आम्ही थोडक्यात सांगतो. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा वध झाला, आणि मारणारा महाराष्ट्रातला, ह्या दुःखाने गुरुजींनी २१ दिवसांचा उपवास केला. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक काढले. १९४९ च्या पुणे येथील साहित्य संमेलनात आंतरभारतीची कल्पना मांडली. एका प्रांताच्या तरुणांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, एकमेकांच्या घरी जावे, अशी ती कल्पना. पैशाची ओढाताण, पत्रांचे ढीग, व्याख्यानांची आमंत्रणे, भेटावयास येणारी दुःखी माणसे, हे सर्व चालूच होते. ११ जून १९५० रोजी मुंबईस त्यांनी आपल्या हाताने आपल्या जीविताचा शेवट केला. वय पन्नास वर्षांचे.

हा मजकूर गाळून चरित्र लिहिण्याची पुष्कळांची रीत आहे. आम्हांस ती बरोबर वाटत नाही. न्याय करण्याचे काम आमचे नव्हे. त्यांच्या अंतःकरणात काय चालले होते ते देव जाणे. परंतु एक गोष्ट आम्हांस डाचते. छात्रालयात कोणी मूल आजारी पडले तर गुरुजी उशाशी बसत. दलातील कोणी खचला तर त्यास गुरुजींचे पत्र जाई. हजारो तरुण त्यांस आई म्हणत. ह्या आईस, आता पुरे, दोन महिने व्याख्याने नकोत, पत्रे आम्ही लिहितो, असे दटावून सांगण्याचा अधिकार त्या संघटनेत कोणाकडे सोपविलेला होता काय? १९४६ साली सोबत्यांनी त्यांस सहा महिने थांबविले होते, म्हणजे ते ऐकत नसत असे नाही. हजेरी, हिशेब, शिबिरे, सर्वांची व्यवस्था होती; ह्या एका गोष्टीची नव्हती. प्रेमळ माणसास दुःख होत नाही, तो थकत नाही, असे त्याच्याभोवतीचे लोक धरून चालतात, आणि तोही तसेच दाखवितो. आमच्या ओळखीच्या दोन-तीन जुन्या पाळकांची तोंडे हे लिहिताना आमच्यापुढे उभी राहतात.

त्यांच्या मागे ‘साधना’ बंद पडेल असे पुष्कळांस वाटले होते. आचार्य जावडेकर व रावसाहेब पटवर्धन ह्यांनी ती प्रथम सांभाळली. पुढे १९५६ साली संपादकाची खुर्ची यदुनाथ थत्ते ह्यांजकडे आली. येवल्याचे हे गृहस्थ, बेचाळीसच्या चळवळीत पडलेले आणि सेवा दलात वाढलेले. त्यांनी १९८२ पर्यंत ते काम केले. ते साप्ताहिक पुण्याहून आजही निघते.